परप्रांतीयांच्या प्रश्नावर पुढाऱ्याला फेसबुकवर गाठायचे तर

लिहायला बसण्याआधी एक काम करा. ज्या पुढाऱ्याच्या पोस्टखाली तुम्हाला बोलायचे आहे, त्याच्या हातात नेमके काय आहे ते कागदावर लिहून काढा. सरपंच असेल तर काय, आमदार असेल तर काय, खासदार असेल तर काय. गोव्यात परप्रांतीय, भाडेकरू, बांगलादेशी, पोर्तुगीज पासपोर्ट या विषयांवर रोज जी जुंपलेली असते, तिच्यातली निम्मी भांडणे भलत्याच माणसाशी चाललेली असतात. मी डिचोली तालुक्यात पंचायत सचिव होते. लोक माझ्या टेबलासमोर उभे राहून केंद्र सरकारला शिव्या घालायचे आणि घरी जाऊन पंतप्रधानांच्या पेजवर वाड्यावरचे गटार तुंबल्याची कमेंट टाकायचे.

पुढारी हे बरोबर ओळखून असतो. तुम्ही त्याच्या हाताबाहेरचे विचारलेत की तो सुटला. ‘हा केंद्राचा विषय आहे, आम्ही पाठपुरावा करत आहोत’ एवढे लिहून हात जोडल्याचे चित्र टाकले की त्याचे काम झाले, आणि तुमच्या रागाला शंभर लाइक मिळाले तरी पदरात काही पडत नाही.

कागदावर काय लिहायचे

घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: एक केंद्राची, एक राज्याची, एक दोघांची मिळून. केंद्राच्या यादीत १७ व्या क्रमांकाला नागरिकत्व आणि परकीय नागरिक आहेत. १९ व्या क्रमांकाला देशात येणे, देशाबाहेर जाणे, घालवून देणे, पासपोर्ट आणि व्हिसा. एवढे बहुतेकांना अंदाजाने ठाऊक असते. पण त्याच यादीत ८१ व्या क्रमांकाला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारे स्थलांतरही आहे, हे ऐकून चांगले शिकलेले लोकही चमकतात. म्हणजे बेळगावहून चोर्ला घाटाने उतरणाऱ्या किंवा पाटण्याहून वास्कोच्या गाडीने येणाऱ्या भारतीय माणसाला वेशीवर अडवणारा कायदा पर्वरीला, म्हणजे आपल्या विधानसभेत, होऊ शकत नाही. त्यावर घटनेचे १९ वे कलम आहेच. देशात कुठेही फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क ते प्रत्येक नागरिकाला देते. त्यावर निर्बंध घालता येतात, पण ते जनहितासाठी किंवा अनुसूचित जमातींच्या रक्षणासाठी, आणि वाजवी असतील तरच.

तेव्हा ‘आम्हाला निवडून द्या, भायल्यांना दार बंद करतो’ असे कोणी लाइव्हवर सांगत असेल, तर खाली एक ओळ लिहा: ‘कोणत्या यादीतल्या कोणत्या क्रमांकाखाली करणार?’ पुढे काही जोडू नका. जोडलेत की तो जोडलेल्याचेच उत्तर देईल.

दुसरी हमखास मागणी इनर लाइन परमिटची, म्हणजे बाहेरच्या भारतीयालाही राज्यात शिरायला लागणाऱ्या परवान्याची. अरुणाचल, नागालँड, मिझोरामला आहे, डिसेंबर २०१९ मध्ये मणिपूरलाही मिळाले, मग गोव्याला का नाही? प्रश्न रास्त आहे, पण तो परमिट १८७३ च्या बंगालच्या एका ब्रिटिशकालीन रेग्युलेशनमधून आलेला आहे आणि तो लागू करणे केंद्राच्या हातात आहे. हे सरपंचाच्या पेजवर मांडून उपयोग नाही. तसेच ‘३७१ खाली गोव्याला विशेष दर्जा आहेच’ असे ठणकावून सांगणारे भेटतात. ३७१-झ किंवा ३७१-आय, जे म्हणायचे ते म्हणा, पण ते कलम उघडून वाचा. गोव्याच्या विधानसभेत तीसपेक्षा कमी सदस्य नसावेत, एवढेच त्यात आहे. मिझोरामच्या ३७१-जी मध्ये जमिनीच्या मालकीचा आणि हस्तांतरणाचा उल्लेख आहे, आपल्यात नाही. २०१३ मध्ये आपल्या विधानसभेने विशेष दर्जाचा ठराव घेतला होता. त्या ठरावाचे पुढे काय केलेत, हे मात्र आमदारालाही विचारता येते आणि खासदारालाही.

खासदार म्हटले की आणखी एक बारीक गोष्ट. उत्तर गोव्याचे श्रीपाद नाईक केंद्रात राज्यमंत्री आहेत, आणि मंत्री लोकसभेत प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तर देणाऱ्यांत बसतात. ‘साहेब, हा प्रश्न संसदेत विचारा’ अशी विनंती त्यांच्या पेजवर करण्यात अर्थ नाही. ती दक्षिणेच्या विरियातो फर्नांडिस यांना करा, किंवा राज्यसभेतल्या सदानंद शेट तानावडे यांना. एक काँग्रेसचे, एक भाजपचे. दोघांनाही एकाच शब्दांत करा, म्हणजे तुम्ही कोणाचे हे कोणाला कळणार नाही.

उरलेला अर्धा भाग

‘केंद्राचा विषय’ हे उत्तर पूर्ण खोटे नसते, म्हणून ते चालते. तुम्ही त्यातला राज्याकडे उरलेला भाग उचलायचा.

पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्याकडे. जमीन राज्याकडे. पंचायती राज्याकडे. कामगार हा विषय दोघांच्या यादीत, पण परवाना देणारे आणि तपासणीला जाणारे खाते राज्याचे. परकीय नागरिकांबाबतचे जुने चार कायदे जाऊन आता एकच इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ आला आहे आणि तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. कायदा केंद्राचा, इमिग्रेशन ब्युरो केंद्राचा. पण मोरजी-हरमलला व्हिसा संपूनही राहिलेल्याला शोधायला जातो तो गोवा पोलीस. घटनेच्या २५८ व्या कलमाखाली केंद्राने आपले काही अधिकार राज्यांना सोपवलेलेही आहेत. परदेशी पाहुण्याला खोली देणाऱ्याने २४ तासांत कळवायचे असते, आणि भाडेकरूंची पडताळणी तर थेट आपल्या पोलीस ठाण्यात होते.

म्हणून ‘बांगलादेशींना कधी हाकलणार?’ हा प्रश्न आमदाराला विचारू नका. असा विचारा: ‘आपल्या मतदारसंघातल्या पोलीस ठाण्यात गेल्या आर्थिक वर्षात भाडेकरू पडताळणीचे किती फॉर्म आले, आणि फॉर्म न भरलेल्या किती घरमालकांवर कारवाई झाली?’

या प्रश्नाला कमेंटमध्ये लाइक कमी पडतील. खोल्या भाड्याने देणारे आपलेच लोक आहेत ना. औद्योगिक वसाहतीच्या आसपास पत्र्याच्या एका खोलीत सहा-सहा मुले ठेवून भाडे घेणारा संध्याकाळी फेसबुकवर ‘गोंय वाचवा’ लिहितो, हे मी नावानिशी सांगू शकते, सांगत नाही.

कामगारांचेही तसेच. परराज्यातून कामगार आणणाऱ्या ठेकेदाराने नोंदणी करावी, परवाना घ्यावा, प्रवासभत्ता द्यावा, हे १९७९ च्या कायद्यात होते. पाच किंवा जास्त कामगार असले की तो लागू व्हायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आणि ती मर्यादा दहावर गेली. पिसुर्ले, कुंडई, वेर्णा इथल्या वसाहतींत अशा किती ठेकेदारांची नोंद आहे, हे कामगारमंत्र्याला विचारता येते आणि त्याला ‘केंद्र’ म्हणून सुटता येत नाही.

मतदार यादी तिसऱ्याच हातात आहे. ‘आमदाराने व्होटबँकेसाठी परप्रांतीय घुसवले’ हा आरोप रोजचा. यादी निवडणूक आयोगाची. भारतीय नागरिक, वय अठरा, आणि त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारा, एवढीच अट आहे. जन्म कुठला, हे तिथे विचारत नाहीत. दोन ठिकाणी नाव मात्र चालत नाही. तुम्हाला एखाद्या नावाबद्दल खात्रीची माहिती असेल तर सात नंबरचा फॉर्म भरून बीएलओकडे, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्या. खोटे लिहिले तर शिक्षा तुम्हाला आहे, तेव्हा फेसबुकवर जेवढ्या सहज लिहिता तेवढ्या सहज तो भरू नका. कोणाच्या मतदार ओळखपत्राचा फोटो कमेंटमध्ये टाकणे तर मुळीच नको.

तारीख विचारा

या वादात सगळे जण ‘गोंयकार’ म्हणतात आणि प्रत्येकाच्या मनातली तारीख वेगळी असते. एका बाजूला पोगो (पर्सन ऑफ गोवन ओरिजिन, म्हणजे मूळ गोवेकर कोण हे ठरवणाऱ्या) विधेयकाची मागणी करणारे आहेत. त्यांची रेघ १९६१ च्या मुक्तीपाशी आहे: त्याआधी तुमचा, आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म इथला असावा. दुसऱ्या बाजूला जुलै २०२१ मध्ये सरकारने अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी संमत करून घेतलेले भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक आठवा. त्यात तीस वर्षे राहिलेला तो भूमिपुत्र होता. आदिवासी समाज त्या नावावर उसळला, विरोधक तीस वर्षांवर उसळले, शेवटी नाव बदलतो म्हणाले आणि ते राज्यपालांकडे पाठवणार नाही असेही सांगावे लागले. सरकारी नोकरीला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, ती तिसरी रेघ. नागरिकत्व दुरुस्ती कायदा (सीएए) ज्या दिवसापर्यंत देशात आलेल्यांनाच लागू होतो ती ३१ डिसेंबर २०१४ ही चौथी.

तेव्हा कोणत्याही पक्षाचा असो, त्याला विचारा: ‘तुमची तारीख कोणती, आणि त्या तारखेने कोण बाहेर पडतो?’ उत्तर देताना भले भले अडतात. पेडणे, डिचोली, सत्तरीत सावंतवाडी-दोडामार्गहून आलेल्या सुना घरोघर आहेत. माझी आई त्यांतलीच. १९६१ च्या रेघेने ती बाहेर आणि मी आत. पुढाऱ्याने याचे सरळ उत्तर दिले, ‘होय, लग्न करून आलेल्यांसाठी वेगळी तरतूद ठेवू’ असे काही, तर वाद पुढे सरकला. नुसतेच ‘तुम्ही मुद्दा भरकटवता’ म्हणाला, तर वाचणाऱ्याला जे कळायचे ते कळते.

दुहेरी नागरिकत्वाचा, म्हणजे पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोवेकराला भारताचेही नागरिकत्व असावे का याचा, वाद एप्रिल २०२४ मध्ये निवडणुकीत पेटला, दक्षिण गोव्याच्या काँग्रेस उमेदवाराने तो काढला आणि थेट पंतप्रधानांनी प्रचारसभेत उत्तर दिले. तेव्हा आमच्या वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चालले होते ते इथे लिहिण्यासारखे नाही. तुम्ही या विषयात उतरलात तर एवढे धरून ठेवा: परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे जाते, हे १९५५ च्या कायद्याचे नववे कलम आहे आणि ते बदलायचे तर संसदेनेच. मागणी करायला हरकत नाही. पण ‘आमचे सरकार आले की देऊ’ असे राज्यातला कोणीही म्हणू शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिस्तानातून परतलेल्या एका मूळच्या गोवेकर ख्रिश्चन ज्येष्ठांना सीएएखाली नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळाले. फोटोत ते मुख्यमंत्री देताना दिसतात. अधिकार केंद्राचा होता.

माझा भाचा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला, स्विंडनला आहे. तिथले लोक तिथल्या पुढाऱ्यांच्या पोस्टखाली त्याच्यासारख्यांबद्दल जे लिहितात ते तो मला पाठवतो. नावे बदलली की म्हापशाच्या बाजारात बसलेल्या बिहारी मुलांबद्दल आपण लिहितो तेच. हे मी वादात कोणाला ऐकवत नाही, कारण टोमण्याने पुढारी उत्तर देत नाही. पण लिहिण्याआधी स्वतः आठवून बघते.

आकड्याला धरा

१ मे २०२३ रोजी पणजीत कामगार दिनाच्या कार्यक्रमात मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले की गोव्यातले जवळजवळ ९० टक्के गुन्हे उत्तर प्रदेश-बिहारसारख्या राज्यांतून आलेले कामगार करतात. त्यावर बिहारपर्यंत गदारोळ झाला. गोव्यातल्या कमेंटही दोनच प्रकारच्या होत्या, ‘खरे बोलले’ आणि ‘लाज वाटत नाही का’. दोन्हींना उत्तर देण्याची कोणाला गरज पडली नाही.

आकडा आला की त्याला असे धरायचे. ९० टक्के कशाचे? नोंदलेल्या गुन्ह्यांचे, अटक झालेल्यांचे, की शिक्षा झालेल्यांचे? ज्या चोरीचा छडाच लागला नाही तिच्यातला चोर कुठला हे कसे कळले? ‘परप्रांतीय’ कोणाला मोजले, आधार कार्डावरचा पत्ता बघून की जन्मगाव बघून? वीस वर्षे सांकवाळच्या झुआरीनगरला राहणारा त्यात आहे का? चारही एकदम विचारू नका. एकच विचारा, ज्याचे उत्तर तुम्हाला खरोखर हवे आहे तो.

आणि आपलाही आकडा तपासा. आज गोव्यात परप्रांतीय इतके टक्के आहेत असे कोणी सांगत असेल तर तो अंदाज सांगतो आहे. शेवटची जनगणना २०११ ची, लोकसंख्या १४,५८,५४५. पुढचीचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. मधल्या काळात किती आले, किती गेले, हे मोजलेलेच नाही. बेकायदा येणारे चोरून येतात म्हणून त्यांचा नेमका आकडा नाही, असे केंद्र सरकारनेही संसदेत वेळोवेळी सांगितले आहे. काही जण मग भाषेच्या आकड्यांवरून हिशेब करतात. २०११ मध्ये हिंदी मातृभाषा १०.२८ टक्के, कन्नड ४.६५ टक्के, म्हणून एवढे परके. त्याच तक्त्यात मराठी १०.८९ टक्के आहे. या हिशेबाने डिचोलीच्या देवळासमोर जन्मलेल्या मलाही सीमेपलीकडे घालवणारे मला भेटलेले आहेत.

आकडा कुठून आणायचा? दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्याहून सोपे म्हणजे विधानसभेच्या संकेतस्थळावरची आमदारांच्या प्रश्नांची उत्तरे. ती फुकट आहेत आणि मंत्र्याच्याच नावाने आहेत. ‘साहेब, तुम्हीच अमुक अधिवेशनात असे उत्तर दिले होते’ असे म्हणून पानाचा फोटो लावला, की समोरच्याला तुमची जात, पक्ष किंवा गाव काढायला वाव राहत नाही.

उत्तर आले तर, नाही आले तर

सकाळी लिहा. पुढाऱ्याचे पेज बहुधा त्याची मुले किंवा पगारी माणसे सांभाळतात, रात्री अकराला शिव्या खाल्लेला माणूस प्रश्न वाचत नाही. स्थानिक आमदाराला मराठीत किंवा कोंकणीत लिहा. दिल्लीच्या मंत्र्याला हिंदीत किंवा इंग्रजीत. पाच ओळींच्या वर जाऊ नका.

‘तुम्ही कुठल्या? तुमचा पक्ष कोणता?’ असे समर्थक विचारतील. गाव सांगा, बाकी सोडा. ‘ऑफिसात या, चहा घेऊ’ असे खुद्द साहेबच लिहितील. जरूर जा, चहाही घ्या, पण परत आल्यावर त्याच कमेंटखाली लिहा की भेट झाली, अमुक आकडा पुढच्या महिन्यात देतो म्हणाले. न गेलात तर ‘बोलावले तरी आल्या नाहीत’ हे कायमचे राहते. कमेंट पुसली जाण्याची शक्यता असते, म्हणून टाकल्याबरोबर तारखेसह स्क्रीनशॉट घ्या.

कायद्याचे भान ठेवा. २०१४ मध्ये फेसबुकवरच्या राजकीय मजकुरासाठी गोव्यातल्या एका तरुणावर गुन्हा नोंदला होता, त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलमही होते. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पण मानहानी, दोन समाजांत वैर पसरवणे, अफवा पसरवणे ही कलमे भारतीय न्याय संहितेत ३५६, १९६, ३५३ या क्रमांकांनी जागेवर आहेत. सरकारच्या धोरणावर, अंमलबजावणीवर, आकड्यावर कितीही कडक लिहा. ‘अमुक जमातच चोर’ हे वाक्य मात्र तुमच्या हातून जाता कामा नये, आणि ते नुसते कायद्याच्या भीतीने नव्हे.

यातले सगळ्यांत घातक म्हणजे फोटो. गाड्यावर भेळ विकणाऱ्या किंवा भंगार गोळा करणाऱ्या मुलाचा फोटो काढायचा, वर ‘बांगलादेशी’ लिहायचे आणि आमदाराला टॅग करायचे. बंगाली बोलणारा मुर्शिदाबाद-मालद्याचा भारतीयही असतो, आणि तो पश्चिम बंगालचा की सीमेपलीकडचा हे तुम्हाला त्याच्या बोलण्यावरून ओळखता येणार नाही. संशय असेल तर पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. त्या पोचेचा फोटो टाका, माणसाचा नको. ‘अमुक तारखेला तक्रार दिली, चौकशीचे काय झाले?’ याला ठाणेदारही बांधील आणि आमदारही.

उत्तर आलेच तर ते तुमच्या बाजूचे नसले तरी आभार मानून वर लावून ठेवा. नाही आले तर तोच प्रश्न, तेच शब्द, अधिवेशनाची तारीख जाहीर झाल्यावर तुमच्या आमदाराला आणि शेजारच्या मतदारसंघातल्या विरोधी आमदाराला दोघांनाही पाठवा. प्रश्न दाखल करायची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते, म्हणून बातमी आली त्याच दिवशी. उत्तरे संकेतस्थळावर चढली की तारांकितांपाशी, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या प्रश्नांपाशी, थांबू नका. तालुकावार, ठेकेदारवार तक्ते बहुधा अतारांकितांच्या, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या प्रश्नांच्या, परिशिष्टात असतात, आणि ती पाने वाचायला फारसे कोणी जात नाही.